मणिकर्णिकेकाठचे मराठी बंधुत्व

घरापासून शेकडो कोस दूर असताना आजारपण आले तर उशाशी कोण बसेल, आणि मरण आले तर खांदा कोण देईल, हा प्रश्न परमुलखात बिऱ्हाड मांडणाऱ्या प्रत्येक समाजापुढे पहिल्या दिवसापासून उभा असतो. गावी याचे उत्तर शोधावे लागत नाही. तेथे भाऊबंद असतात, आळी असते, गणगोत असते. परमुलखात यांतले काहीच नसते. म्हणून माणसे मानलेले नाते निर्माण करतात आणि त्या नात्याला नाव, नियम व वर्गणी देतात. जगात ठिकठिकाणी बंधुसंघ जन्मास आले ते या गरजेतून.

अमेरिकेतील ग्रीकांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हजारो ग्रीक तरुण मजुरीसाठी आणि लहानसहान धंद्यांसाठी अमेरिकेत गेले. त्यांची भाषा निराळी, उपासनेची रीत निराळी. साहजिकच अनेक स्थानिकांच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. परकीयांचा व कृष्णवर्णीयांचा द्वेष करणारी कू क्लक्स क्लॅन ही संघटना 1915 साली अटलांटा शहराजवळ पुन्हा उभी राहिली होती. त्याच अटलांटात 26 जुलै 1922 रोजी काही ग्रीक रहिवाशांनी एक बंधुसंघ स्थापन केला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘अहेपा’ म्हणून ओळखला जातो. या संघाने कामकाजाची भाषा म्हणून ग्रीक न घेता इंग्रजी घेतली आणि सभासदांना अमेरिकेचे नागरिकत्व पत्करण्यास उत्तेजन दिले. सर्वांना हे रुचले नाही. 1923 साली पिट्सबर्ग येथे दुसरा संघ निघाला आणि ग्रीक भाषा व ऑर्थोडॉक्स धर्मपरंपरा जपण्यावर त्याने भर दिला. मिसळून जावे की आपले जपावे, हा प्रत्येक स्थलांतरित समाजातील वाद तेथे दोन संघांच्या रूपाने उभा राहिला.

1924 च्या कायद्याने ग्रीसमधून येणाऱ्यांची वार्षिक मर्यादा अवघी शंभर माणसांवर आणली, तेव्हा या मंडळींचे आसन किती डळमळीत आहे हे सर्वांच्या ध्यानी आले. तरीही अहेपाच्या शाखा गावोगाव वाढल्या. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, युद्धकाळात सरकारी कर्जरोख्यांची विक्री, वृद्धांसाठी परवडणारी निवासस्थाने अशी कामे त्यांनी अंगावर घेतली. ग्रीसमधील थेसालोनिकी शहरातील एक मोठे रुग्णालय आजही अहेपाचे नाव धारण करून उभे आहे. स्वसंरक्षणासाठी जमलेली माणसे अशा रीतीने परोपकाराला लागली, आणि त्या परोपकारानेच त्यांना नव्या देशात मान मिळवून दिला.

मराठी माणसाने परमुलखात काय केले हे पाहण्यासाठी अटलांटिक महासागर ओलांडण्याचे कारण नाही. काशीस मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर उभे राहिले तरी पुरेसे आहे.

मणिकर्णिका हे काशीचे महाश्मशान. येथील चिता रात्रंदिवस जळत असतात. श्रीविष्णूंनी चक्राने कुंड खोदले, ते त्यांच्याच घामाने भरले, आणि त्यात शंकराच्या कानातील मणिभूषण गळून पडले, अशी या तीर्थाच्या नावाची कथा सांगतात. काशीत प्राण सोडणाऱ्याच्या कानात स्वतः विश्वनाथ तारकमंत्र सांगतो, या श्रद्धेपायी शतकानुशतके माणसे येथे केवळ मरण्यासाठी येऊन राहिली. जगातील इतर वसाहती पोट भरण्यासाठी झाल्या. काशीतील मराठी वसाहतीचा एक मोठा भाग देह ठेवण्यासाठी आलेल्यांचा होता. अशा वस्तीत खांदेकऱ्यांचा प्रश्न किती निकडीचा असेल, याची कल्पना करता येते.

या वस्तीचा पाया घातला तो विद्वानांनी. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी ‘त्रिस्थलीसेतु’ हा प्रयाग, काशी व गया या तीर्थांवरील ग्रंथ लिहिला. याच घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ 1612 साली पूर्ण झाला. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ तर पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसाहक्काच्या दाव्यांसाठी प्रमाण मानला गेला. 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच कुळातले. काशीत दक्षिणेतील पंडित विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरवीत आणि गावाकडील तंट्यांवर आपली निर्णयपत्रे पाठवीत. गाव सोडून पिढ्या लोटल्या तरी गावाची चिंता सुटली नव्हती, असा याचा अर्थ.

एकनाथ महाराजांनी आपली भागवतावरील टीका पैठणास आरंभिली आणि 1573 साली कार्तिकी पौर्णिमेस काशीत पूर्ण केली. देवभाषेतील ग्रंथ प्राकृतात आणल्याबद्दल येथील पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला आणि नंतर त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील काहीही असो. काशीच्या विद्वत्सभेपुढे मराठी भाषेला आपली योग्यता सिद्ध करावी लागली, ही आठवण तिच्यात जपलेली आहे.

अठराव्या शतकात विद्वानांच्या पाठोपाठ सत्ता आणि संपत्ती आली. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या आणि काशीस येऊन गेल्या. त्या सुमारास पेशव्यांच्या आश्रयाने घाटांच्या बांधकामाला वेग आला. पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर काशीतच राहत असत. ब्रह्मघाट व दुर्गाघाट यांच्याशी त्यांचे नाव निगडित आहे. पुढे अहल्याबाई होळकरांनी 1780 साली विश्वनाथाचे मंदिर बांधले आणि मणिकर्णिका घाटाचाही जीर्णोद्धार केला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी 1828 साली ज्ञानवापीभोवती स्तंभांची मंडपी उभारली आणि 1830 च्या सुमारास मणिकर्णिकेला लागूनच भव्य शिंदे घाट बांधविला. हा घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि पुढे तो पुन्हा बांधावा लागला. मणिकर्णिकेहून गंगेच्या ओघाबरोबर उत्तरेकडे निघाले, की शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, गणेश घाट अशी दगडात कोरलेली मराठ्यांची वंशावळच डोळ्यांपुढून सरकते. शहराच्या दक्षिणेकडील भदैनी भागात मोरोपंत तांबे यांच्या घरी जन्मलेल्या कन्येचे नाव या तीर्थावरूनच मणिकर्णिका ठेवले गेले. झाशीची राणी लक्ष्मीबाई ती हीच.

पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव इंग्रजांचे पेन्शन घेऊन काशीकडे आले आणि 1824 साली वारले. त्याच वर्षी काशीस आलेल्या बिशप हेबर यांनी त्यांच्या दानधर्माचे वर्णन लिहून ठेवले आहे. आराध्यदैवताच्या उत्सवाच्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत येणाऱ्या प्रत्येक ब्राह्मणाला आणि प्रत्येक आंधळ्या-पांगळ्याला शेरभर तांदूळ व एक रुपया मिळत असे. शहराबाहेरील बागेला चार दरवाजे होते. तीन निरनिराळ्या वर्गांतील याचकांसाठी आणि चौथा धन्याच्या माणसांसाठी. दान घेतलेल्याने पुन्हा रांगेत उभे राहू नये म्हणून त्याला दिवसभर बागेतच, सावलीत व पाण्याच्या सोयीने, थांबवून ठेवीत. एका दिवसाचा हा खर्च कित्येकदा 50,000 रुपयांच्या वर जाई. त्या काळचा रुपया लक्षात घेतला म्हणजे या औदार्याची व्याप्ती कळते.

परंतु या औदार्याच्या दोन मर्यादा होत्या आणि त्या स्पष्टपणे पाहिल्या पाहिजेत. एक मर्यादा जातीची. अन्नछत्रांतील पंगती मुख्यतः ब्राह्मणांच्या असत. मणिकर्णिकेवर पेशव्यांच्या चितेला काय किंवा भिकाऱ्याच्या चितेला काय, अग्नी मिळे तो डोमांकडून. त्या अग्नीवाचून कोणाचाही अंत्यविधी पुरा होत नसे. पण तो अग्नी देणारा डोम मात्र पंगतीबाहेरच राहिला. खांदा देण्यापुरते बंधुत्व आणि पानावर बसण्याचे बंधुत्व यांत अंतर होते.

दुसरी मर्यादा धन्याची. जे दान एका धन्याच्या तिजोरीतून येते, ते तिजोरीबरोबरच आटते. 1818 साली पेशवाई संपली. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. 1948 साली ग्वाल्हेर व इंदूर ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. राजाश्रयाचा एकेक झरा अशा रीतीने बंद झाला. दगडी घाट राहिले. पण दगड आजाऱ्याच्या उशाशी बसत नाहीत. राजे गेल्यावर ज्यांची घरे काशीतच होती, त्या भिक्षुक, शिक्षक, कारकून, गवई यांनी आता काय करावे?

याचे उत्तर काशीतील मराठी मंडळींनी संस्थाने विलीन होण्यापूर्वीच शोधले होते. लोकमान्य टिळकांनी 1893 पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. तिचा पडसाद पाच वर्षांत गंगाकाठी उमटला. 1898 साली श्री काशी गणेशोत्सव कमिटी स्थापन झाली आणि ब्रह्मघाटाच्या परिसरातील सरदार आंग्र्यांच्या वाड्यात गणपती बसू लागला. बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. वाडा सरदाराचा, पण उत्सव कमिटीचा. अमृतरावांच्या बागेत देणारा एक होता आणि घेणारे हजारो. येथे प्रत्येक जण थोडे देणारा झाला. अटलांटातील ग्रीकांनी ज्या तत्त्वावर चोवीस वर्षांनी आपला संघ उभारला, ते वर्गणीचे, सभासदत्वाचे आणि जबाबदारी वाटून घेण्याचे तत्त्व काशीच्या अरुंद गल्ल्यांत तेव्हाच रुजले होते. या कमिटीने आपली शताब्दी केव्हाच ओलांडली असून तिचा उत्सव अजून चालू आहे. जो दानधर्म लाखांच्या घरात होता तो थांबला, आणि जो आण्या-रुपयांच्या वर्गणीवर उभा राहिला तो टिकला.

आता राहिला तो मिसळावे की जपावे हा प्रश्न. काशीकर मराठी माणसाने त्याचे उत्तर वादाने न देता आपल्या वागणुकीने दिले. घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत आणि बाजारात हिंदी, अशा तिन्ही भाषा त्याने सहज वागविल्या. बाबूराव विष्णु पराडकर यांचे चरित्र या बाबतीत मोठे उद्बोधक आहे. 1883 साली काशीतील मराठी घरात जन्मलेल्या पराडकरांनी 1920 साली सुरू झालेल्या ‘आज’ या दैनिकातून हिंदी पत्रकारितेला वळण लावले. 1930 च्या सत्याग्रहात निर्बंध आले, तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र चालविण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘राष्ट्रपति’ यासारखे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 1955 साली ते निवर्तले. आज काशीतील पत्रकारांचे सभागृह त्यांच्या नावाने ओळखले जाते. अहेपाने इंग्रजी पत्करली म्हणून काही ग्रीकांना ती शरणागती वाटली होती. पराडकरांनी हिंदीची सेवा केली म्हणून त्यांचे मराठीपण उणे झाले, असे कोण म्हणेल? ज्या गावचे पाणी प्यायले त्या गावच्या भाषेची त्यांनी सेवा केली, एवढेच.

आज मराठी माणूस काशीच्याही फार पलीकडे पांगला आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून काम करीत आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झाले. गणपती, दिवाळी अंक, नाटक, पुरणपोळी या सर्वांचे अगत्य असावे यात शंका नाही. कारण जो स्वतःचे काही जपत नाही, त्याच्यापाशी दुसऱ्याला देण्यासारखेही काही उरत नाही. परंतु मंडळाची परीक्षा एवढ्यावर संपत नाही. आपल्या गल्लीत नव्याने आलेल्या एकट्या माणसाची कोण चौकशी करतो? परक्या भाषेच्या शेजाऱ्याच्या घरी प्रेत पडले, तर आपल्यातले किती जण पुढे होतात? ज्यांच्या श्रमांवर आपले उत्सव पार पडतात, ती माणसे आपल्या पंगतीला असतात की पंगतीबाहेर? मंडळाचे मोठेपण मोजायचे ते या प्रश्नांच्या उत्तरांनी.

मणिकर्णिकेवर हे मोजमाप फार सोपे होते. तेथे कोण कोठल्या प्रांताचा, कोणत्या कुळाचा, हे घटकाभरात विझून जाते आणि मागे एकच नोंद राहते: या माणसाला उचलून येथवर आणणारे चौघे होते की नव्हते. राजांनी बांधलेले घाट पाहावयास आपण अवश्य जावे. पण त्या पायऱ्यांवरून, नाव कोठेही न कोरता, परक्याला खांदा देत जी साधी माणसे उतरली, त्यांनी मराठी समाजाचे काशीतील स्थान पक्के केले, हेही तेथे उभे असताना आठवावे.