ॲव्हरेज किती देते, आणि किती वर्षं देते?

नवी गाडी घेतली म्हटलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देते?" माझाही असाच होता. मग एका जुलैमध्ये आई-बाबांना नायगारा दाखवायला न्यू जर्सीहून निघालो आणि स्क्रँटनच्या पुढे चढावर आमच्या मिनीव्हॅनचं ट्रान्समिशन घसरायला लागलं. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही. टो ट्रक यायला तीन तास लागले. आईने रस्त्याच्या कडेला दशम्यांचा डबा उघडला, म्हणून निदान मुलं शांत राहिली. गाडी बदलायची वेळ आली तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशोब तुमच्याही कामाचा आहे.

आधी ॲव्हरेजचा चकवा बघा. अमेरिकेत ते मैल प्रति गॅलनमध्ये सांगतात, पण तुमचा खर्च मैलांवर होत नाही, गॅलनवर होतो. वर्षाला 12,000 मैल धरा. 15 देणारी गाडी काढून 20 देणारी घेतलीत, तर गॅस 800 गॅलनवरून 600 वर येतो. 200 गॅलन वाचले. 30 वाली काढून 50 वाली घेतलीत, तर 400 वरून 240, वाचले 160. म्हणजे पाचाचा फरक वीसाच्या फरकापेक्षा भारी पडला! ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी 2008 साली 'सायन्स' या नियतकालिकात या फसगतीवर लिहिलं होतं. आता नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत '100 मैलांना किती गॅलन' हा आकडाही असतो. तुम्ही तोच वाचा. भारतातलं किलोमीटर प्रति लिटर हे मापही असंच फसवतं. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, ते शहाणपणाचं.

आता दोन उदाहरणं. गॅस साडेतीन डॉलर धरू. एक एसयूव्ही 26 देते, दुसरी 30. वर्षाचा फरक साधारण 62 गॅलन, म्हणजे 215 डॉलर. 30 वाली गाडी एकदाच दोन हजारांचं काम काढून बसली, तर नऊ वर्षांची बचत गेली. इथे ॲव्हरेजकडे बघूच नका, कमी बिघडणारी घ्या. पण मिनीव्हॅनमध्ये 22 विरुद्ध 36 असा सामना असेल, तर फरक 212 गॅलन, जवळजवळ 740 डॉलर दर वर्षी. आठ वर्षांत सहा हजारांच्या आसपास. तो सहज सोडून देण्यासारखा नाही.

ॲव्हरेज आणि भरवसा एकमेकांचे वैरी आहेत का? कधी कधी. छोट्या इंजिनाला टर्बो लावला की कागदावरचं ॲव्हरेज वाढतं, पण उष्णता आणि दाब वाढतात, भागही वाढतात. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात आणखी एक भानगड आहे. पूर्वी पेट्रोलचा फवारा आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर पडून त्या आपोआप धुतल्या जायच्या. आता तसं होत नाही आणि तेलाच्या वाफेचा काजळथर तिथे साचत जातो. काही कंपन्या म्हणूनच दोन्ही जागी इंजेक्टर बसवतात. पट्टा आणि दोन पुल्यांवर चालणारं सीव्हीटी गॅस वाचवतं, पण ओझं आणि उष्णता त्याला सोसत नाहीत. चढावर पाहुणे आणि बॅगा भरलेली गाडी, हेच त्याचं दुखणं.

मग हायब्रिड म्हणजे आणखी गुंतागुंत, असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. टोयोटाच्या हायब्रिडलाही सीव्हीटी म्हणतात, पण आत पट्टा नाही; दोन मोटर-जनरेटर आणि कायम एकमेकांत अडकलेले ग्रहमाला गिअर आहेत. स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही. जे नाहीच, ते बिघडणार काय! ब्रेक मारताना बराचसा वेग मोटरच खाते, त्यामुळे ब्रेक पॅडही जास्त टिकतात. उरते बॅटरी. 2020 च्या मॉडेलपासून तिची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1,50,000 मैल आहे. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करणाऱ्या हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिथे कुत्र्याचे केस आणि चिवडा जाऊ देऊ नका. (चिवड्याचं अनुभवाने सांगतोय.)

भरवशाच्या याद्या वाचतानाही थोडं थांबा. जे. डी. पॉवरची एक यादी पहिल्या 90 दिवसांतल्या तक्रारींची असते, दुसरी तीन वर्षांच्या गाड्यांची. दोन्हींत न जुळणारा फोन आणि घसरणारं ट्रान्समिशन यांची तक्रार एकेकच मोजली जाते. तुम्ही गाडी दहा वर्षं वापरणार असाल, तर त्याच इंजिन-ट्रान्समिशनच्या आठ-दहा वर्षं जुन्या गाड्यांचं काय झालं ते ओळखीच्या मेकॅनिकला विचारा. नव्याने घडवलेल्या मॉडेलचं पहिलं वर्ष मी तरी टाळतो.

आम्ही शेवटी एक वर्ष वापरलेली हायब्रिड व्हॅन घेतली. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा येतायत. नायगारा राहिलाय.