सायकलस्वाराचे शिरस्त्राण : नवे तंत्र किती रक्षण करते?

यवतमाळ जिल्ह्यात मोठी माणसे बव्हंशी मोटारसायकलीवर आली असली तरी शाळकरी मुलांचे वाहन आजही सायकल हेच आहे. शाळेच्या वेळेस आर्णी, कळंब, राळेगाव वा मारेगावकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने दप्तर पाठीवर घेतलेली मुले-मुली सायकलींवरून जाताना दिसतात. मानव विकास कार्यक्रमाखाली इयत्ता आठवी ते बारावीत शिकणाऱ्या आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल खरेदीसाठी शासनाकडून साहाय्य दिले जाते. सातवीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्यास घर ते शाळा हे अंतर कारण होऊ नये, असा या योजनेचा हेतू आहे.

मात्र ज्या रस्त्यावरून ही सायकल जाते, तो रस्ता तिच्या एकटीचा नाही. नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळवरून पुढे उमरखेडकडे जातो. पांढरकवड्याजवळून नागपूर-हैदराबाद मार्गावरील अवजड वाहतूक अहोरात्र चालू असते. वणी परिसरात कोळशाचे ट्रक धावतात. साहजिकच पालक, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्यापुढे सायकलस्वाराच्या डोक्याच्या संरक्षणाचा प्रश्न उभा राहतो. त्यातच अलीकडे ‘नव्या तंत्रज्ञानाची’ म्हणून हजारो रुपये किमतीची हेल्मेट बाजारात आली आहेत. ती खरोखरच अधिक रक्षण करतात काय, की हा केवळ जाहिरातीचा डौल आहे? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मुळात हेल्मेट काय करते, हे पाहणे अगत्याचे आहे.

हेल्मेट काय करते?

हेल्मेटचे बाहेरचे कवच कठीण असल्यामुळे डोके वाचते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खरे काम आतील पांढऱ्या थराचे असते. दूरचित्रवाणी संच खोक्यात ज्या थर्मोकोलमध्ये बसवून येतो, त्याच जातीचा, परंतु अधिक घट्ट असा हा फेस असतो. डोके आदळताच हा थर चिरडला जातो, आणि त्याचे चिरडले जाणे हाच त्याचा गुण होय. वेगाने आलेला चेंडू झेलताना क्रिकेटपटू हात किंचित मागे घेतो, कारण थांबण्यास जितके अंतर अधिक मिळेल तितका मार कमी बसतो.

थोडे गणित येथे उपयोगी पडेल. उभ्या सायकलवरूनही तोल जाऊन दीड मीटर उंचीवरून डोके जमिनीवर आले, तर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर असतो. हे डोके डांबरी रस्त्यावर दोन मिलिमीटरच्या अंतरात थांबले, तर त्यावर पडणारे सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७५० पट होते. फेसाचा थर चिरडून तेच डोके दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर ते ७५ पटीवर येते. सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकात, म्हणजे ‘ईएन १०७८’ मध्ये, साधारण याच वेगाने सपाट पृष्ठभागावर हेल्मेट आदळून पाहतात आणि आतील कृत्रिम डोक्यावरचे मंदन २५० पटीच्या वर जाता कामा नये, अशी अट घालतात.

यातूनच हेल्मेटची मर्यादाही कळते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा फेस पडझडीसाठी पुरा पडतो. भरधाव ट्रकच्या धडकेसाठी तो बनविलेलाच नाही. हेल्मेट दिले म्हणजे शाळेसमोरील गतिरोधकाची निकड संपली, असे समजणाऱ्या समितीने हे ध्यानात घ्यावे.

नव्या तंत्रामागील जुना विचार

नवे म्हणून जे तंत्र आज विकले जाते, त्यामागील विचार मात्र ऐंशी वर्षांहून जुना आहे. इ. स. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स या प्रसिद्ध सेनाधिकाऱ्याचा मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे केर्न्स यांनी लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या शिराघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये शिरस्त्राणाच्या उपयुक्ततेकडे लक्ष वेधले. ऑक्सफर्डमधीलच भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये एक वेगळीच गोष्ट पुढे मांडली. मेंदूच्या आकाराची जिलेटीनची प्रतिकृती घेऊन त्यांनी दाखविले की, सरळ धक्क्यापेक्षा डोक्याला बसणारा एकाएकी पीळ मेंदूच्या ऊतींना अधिक ताणतो.

पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून एकदम गर्रकन फिरविला, तर तांब्या फिरतो आणि आतील पाणी क्षणभर जागीच राहते. कवटी आणि मेंदू यांचे असेच होते. सायकलस्वार सहसा सरळ खाली पडत नाही. तो पुढे जाता जाता तिरकस आदळतो. अशा वेळी हेल्मेट रस्त्याला घासून अडकते, डोके झटक्याने वळते आणि मेंदूतील सूक्ष्म तंतू ताणले जातात. कवटीला तडा नसतानाही रुग्ण बेशुद्ध असतो, याचे एक कारण हेच आहे. हेल्मेटची रूढ चाचणी मात्र बव्हंशी सरळ आघाताचीच राहिली.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्वीडनमध्ये शल्यचिकित्सक हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्या संस्थेतील संशोधक पेटर हाल्डिन यांनी ‘मिप्स’ हे तंत्र विकसित केले. हेल्मेटच्या आत एक पातळ, गुळगुळीत अस्तर बसविलेले असते; तिरकस आघाताच्या वेळी ते डोक्यासह दहा-पंधरा मिलिमीटर सरकते आणि डोक्याला बसणारा पीळ थोडा कमी होतो. २००७ मध्ये हे तंत्र प्रथम घोडेस्वारांच्या हेल्मेटमध्ये आले, नंतर सायकलींच्या. याखेरीज मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली ‘वेव्हसेल’ पद्धती २०१९ मध्ये आली. साध्या फेसापेक्षा ती मेंदूचा धक्का ४८ पट अधिक प्रभावीपणे टाळते, असा दावा विक्रेत्यांनी केला. प्रतिस्पर्ध्यांनी तो अमान्य केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एवढा मोठा आकडा पाहून सावध व्हावे, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही.

सर्वांत नवलाचे हेल्मेट म्हणजे गळ्याभोवती बांधावयाची आणि अपघाताच्या क्षणी फुगणारी हवेची पिशवी. स्वीडनमधीलच ‘हव्हडिंग’ कंपनीची ही निर्मिती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगात सरळ आघाताच्या बाबतीत तिने फेसाच्या हेल्मेटवर मोठी सरशी केली. मात्र ती वेळेवर आणि पुरेशा दाबाने फुगली पाहिजे, ही अट होती. २०२३ मध्ये स्वीडनमधील ग्राहक संरक्षण यंत्रणेने सुरक्षिततेच्या कारणावरून तिच्या विक्रीस मनाई केली आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

पुरावा कोणता?

नव्या तंत्राच्या बाजूचा पुरावा प्रामुख्याने प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांना तिरकस आघाताच्या चाचणीवरून श्रेणी देते. सरकत्या अस्तराची अनेक हेल्मेट तेथे वरच्या श्रेणीत येतात. तथापि एकच तंत्र वापरलेल्या दोन हेल्मेटांच्या गुणांतही फरक पडतो. चाचणीतील कृत्रिम डोक्याचे रबरी आवरण हेल्मेटला जितके घट्ट पकडते, तितके केस आणि टाळूची सैल कातडी पकडत नाही. म्हणजे काही सरकणे निसर्गानेच दिलेले आहे, असा आक्षेपही काही अभ्यासक घेतात. असे असले तरी मूळ विचार खोटा ठरलेला नाही. युरोपात मोटारसायकल हेल्मेटच्या ‘२२.०६’ या सुधारित नियमात तिरकस आघाताची चाचणी समाविष्ट झाली आहे.

साध्या हेल्मेटच्या बाजूचा पुरावा मात्र रुग्णालयांतील नोंदींतून आलेला आहे. अमेरिकेतील सिॲटल शहरातील १९८९ च्या अभ्यासाने हेल्मेटमुळे शिराघाताचा धोका ८५ टक्क्यांनी घटतो, असे म्हटले आणि तो आकडा जगभर गाजला. पुढील अभ्यासांत तो खाली आला. २०१७ मध्ये ऑलिव्हिए आणि क्राइटन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ४० अभ्यास आणि ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार यांचा एकत्रित विचार केला. हेल्मेट घातलेल्यांत शिराघाताची शक्यता सुमारे ५१ टक्क्यांनी, गंभीर शिराघाताची ६९ टक्क्यांनी आणि प्राणघातक शिराघाताची ६५ टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात हेल्मेट नसणे आणि साधे का होईना, प्रमाणित हेल्मेट असणे, यांतील अंतर फार मोठे आहे. साधे आणि नवे यांतील अंतर त्यामानाने लहान आहे. एका महागड्या हेल्मेटच्या किमतीत चार-पाच साधी, प्रमाणित हेल्मेट येत असतील, तर लोकवर्गणीचा वा देणगीचा पैसा कोठे जावा, याविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात संदेह नाही.

कायदा आणि खरेदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये मोटारसायकलवरील चालक आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. सायकलस्वाराला हे कलम लागू नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार ५०,०२९ होते. हा आकडा मोटार दुचाकींचा आहे, परंतु हाडामांसाचे डोके दोन्हींकडे सारखेच.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना मोटार दुचाकीचे हेल्मेट बनविणे वा विकणे यास मनाई आहे. रस्त्याकडेला मिळणारी फेसाविना नुसत्या प्लास्टिकची टोपी दंड चुकविण्यापुरती असते, डोके वाचविण्यापुरती नव्हे. सायकल हेल्मेटच्या बाबतीत एक नियम मार्गदर्शक ठरावा. मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांखालील बालकांसाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम केला. त्यात भारतीय मानक ठरेपर्यंत युरोपीय ‘ईएन १०८०’ किंवा ‘ईएन १०७८’ अथवा अमेरिकी ‘एएसटीएम १४४७’ मानकाचे सायकल हेल्मेटही चालेल, असे म्हटले आहे. शाळेने खरेदी करताना यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख हेल्मेटच्या आतील चिठ्ठीवर आहे काय, हे पाहावे. मोटारसायकलचे हेल्मेट सायकलवर घातल्यास रक्षण होईल. परंतु किलोभर वजनाचे ते ओझे यवतमाळच्या उन्हात मूल दोन दिवसांत घरी ठेवील. सायकलचे हेल्मेट पाव किलोपासून मिळते आणि त्यास वारा खेळावयास झरोके असतात.

मापाकडे होणारे दुर्लक्ष हा सर्वांत मोठा दोष होय. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, कपाळ झाकून आडवे बसले पाहिजे. ते मागे सरकलेले असेल, तर कपाळ उघडे राहते. पट्टा कानाखाली मिळावा आणि हनुवटीखाली एखादे बोट जेमतेम जावे. आपल्याकडील मुली उन्हासाठी ओढणी वा दुपट्टा डोक्याभोवती गुंडाळतात. त्याच्या जाड घड्यांवर बसविलेले हेल्मेट पडताक्षणी निसटते. पातळ सुती कापड एकपदरी घ्यावे. दोन वेण्यांची अडचण होत नाही, उंच आंबाडा मात्र हेल्मेट बसू देत नाही. आतील फेसाला पेट्रोल, रंग वा टर्पेंटाइन लागू देऊ नये, त्याने तो विरघळतो. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फेस दबलेला असतो. ते टाकून द्यावे आणि धाकट्या भावंडाला वापरावयास देऊ नये.

अपघातानंतर मूल उठून बसले, बोलू लागले म्हणजे बरे झाले, असे गृहीत धरू नये. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात असंबद्धता वा कानानाकातून रक्त अथवा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, मान स्थिर धरावी. हेल्मेटही रुग्णासोबत रुग्णालयात पाठवावे. ते कोठे आणि किती चेपले आहे, यावरून आघात कोठून आला, हे डॉक्टरांना कळते.