शंभर टक्क्यांचा हट्ट सोडा

‘बॅटरी पूर्ण संपू द्या, मगच चार्जिंगला लावा’ हा सल्ला आजही छातीठोकपणे दिला जातो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आजच्या लॅपटॉपमध्ये तीच असते, आणि तिला रोज शून्यापर्यंत नेणं अपायकारकच.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. ग्राफाइटवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तो हवाच, कारण आतल्या द्रावणापासून ग्राफाइटचं रक्षण तोच करतो. पण वर्षानुवर्षं तो जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामी येत नाही. बॅटरी ‘उतरते’ ती मुख्यतः अशी. सेल काठोकाठ भरला की व्होल्टेज साधारण ४.२वर जातं, या ताणाला उष्णतेची जोड मिळाली की झीज झपाट्याने वाढते. म्हणूनच गादीवर ठेवलेला, हवेची जाळी दबलेला, चार्जरला जोडलेला लॅपटॉप पाहिला की मला खरंच वाईट वाटतं. विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारूच नका.

दिवसभर चार्जर लावूनच काम करत असाल, तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घाला. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ही सोय असते. महिनाभर वापर नसेल, तर निम्मी भरून थंड जागी ठेवा.

टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जिंग तत्काळ थांबवा, ती दाबू किंवा टोचू नका, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.