डोंगरउतारावरील बेणणी आणि यंत्राची निवड

कोकणातील आंबा-काजूच्या बागा बहुतांशी उतारावर वसलेल्या आहेत. पाणी धरून ठेवणारी सखल जमीन पूर्वापार भातासाठी राखली गेली. आणि १९९०-९१ पासून राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा नव्या कलमांना जागा मिळाली ती मुख्यतः वरकस जमिनीत, म्हणजे एरवी नाचणी, वरी किंवा नुसते गवत देणाऱ्या डोंगरउतारावर. या पट्ट्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे भाद्रपदापर्यंत बागेत कमरेइतके रान माजते. ते काढण्याच्या कामाला कोकणात बेणणी म्हणतात. हे काम टाळता येत नाही, कारण काजूची बी गळून जमिनीवर पडते व तेथूनच वेचावी लागते, आणि दिवाळीनंतर वाळलेले उभे गवत एका ठिणगीने पेटून वणव्यात अख्खी बाग होरपळू शकते. कोयत्याने बेणणी करणारी माणसे दुर्मीळ झाल्यापासून हे काम यंत्रांकडे गेले आहे. मात्र दुकानात यंत्र निवडताना चर्चा होते ती अश्वशक्तीची आणि किमतीची, आणि ज्या उतारावर ते चालवायचे त्याचा विषय सहसा निघतच नाही.

उताराची तीव्रता नजरेने ओळखता येत नाही. खालून पाहणाऱ्याला तो सौम्य भासतो आणि माथ्यावरून पाहणाऱ्याला उभा. तो मोजण्यासाठी गवंड्याकडची पाणसळ, एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि मोजफीत एवढे साहित्य पुरते. पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या अंगाला जमिनीवर टेकवून पाणसळीने ती आडवी समतल धरावी आणि खालच्या बाजूच्या अधांतरी टोकापासून सरळ खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर २७ सेंटिमीटर भरल्यास उतार १५ अंशांचा, ३६ भरल्यास २० अंशांचा, ५८ भरल्यास ३० अंशांचा आणि ७० भरल्यास ३५ अंशांचा समजावा. हाच आकडा शेकडेवारी म्हणूनही वापरला जातो, म्हणजे २७ टक्के उतार आणि १५ अंशांचा उतार एकच. हे ध्यानात न घेता माहितीपत्रकातील ‘४५ टक्के’ हा आकडा ४५ अंश म्हणून वाचला गेला, तर घोटाळा मोठा होतो, कारण ४५ टक्के म्हणजे जेमतेम २४ अंश. मोजणी बागेत चार-पाच ठिकाणी करावी आणि यंत्र निवडताना सरासरीऐवजी सर्वांत तीव्र जागेचा आकडा धरावा.

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांसाठी बहुतेक उत्पादक १० ते १५ अंशांची मर्यादा सांगतात. ती पुष्कळांना अवाजवी वाटते, पण तिच्यामागचे गणित सोपे आहे. समजा एका लहान यंत्राच्या दोन चाकांमधील अंतर ९० सेंटिमीटर आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूतून सगळे वजन खाली ओढले जाते असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. असे यंत्र आडव्या दिशेने स्थिर उभे असेल, तर साधारण ३७ अंशांच्या कलापर्यंत ते उलटणार नाही. आता १५ अंशांच्या उतारावर त्याचे वरच्या बाजूचे चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढले आणि त्याच क्षणी खालचे चाक २० सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेले, तर दोन्ही बाजूंत ३५ सेंटिमीटरचा फरक पडून कल आणखी सुमारे २३ अंशांनी वाढतो, एकूण ३८ अंश होतो, आणि यंत्र कलंडते. वळणाचा वेग, टाकीत हिंदकळणारे इंधन आणि चालकाचे एका बाजूला झुकणे यांचा हिशेब यात धरलेलाही नाही. माहितीपत्रकातील आणि प्रत्यक्ष उलटण्याच्या अंशांमधील मोठे अंतर राखले जाते ते गवताखाली न दिसणाऱ्या दगड-खड्ड्यांसाठीच.

ट्रॅक्टर उलटल्यावर चालक त्याखाली चिरडला जाऊ नये म्हणून आसनामागे जी पोलादी कमान बसवतात, ती स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर सक्तीची केली आणि तेथील अशा मृत्यूंचे प्रमाण पुढे झपाट्याने घटले. कमानीचा उपयोग आसनपट्टा बांधला असेल तरच होतो. पट्टा नसलेला चालक बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडू शकतो. फांद्यांना अडते म्हणून आंबाबागेत ही कमान दुमडून ठेवण्याची किंवा काढूनच टाकण्याची सवय दिसते, आणि ती अत्यंत घातक आहे.

यंत्र कोणत्या दिशेने चालवावे याचा नियम यंत्राच्या प्रकारानुसार नेमका उलटा होतो, आणि गल्लत होते ती येथेच. बसून चालवायचे यंत्र उतारावर वर-खाली चालवावे, कारण त्याची लांबी रुंदीपेक्षा जास्त असल्याने आडव्या दिशेने ते लवकर कलंडते. मागून चालत ढकलायचे यंत्र मात्र उताराला आडवे न्यावे. ते चढावर ढकलताना माणसाचा पाय घसरला तर यंत्र त्याच्याच अंगावर येते, आणि उतारावर उतरवताना माणूस घसरला तर पाय पात्याखाली जातो. आडव्या चालीत मात्र घसरणारे यंत्र आणि माणूस यांची वाट वेगळी राहते. घसरू लागलेले यंत्र हाताने धरून थांबवण्याचा मोह टाळावा. पॉवर टिलर कित्येक क्विंटल वजनाचा असतो आणि त्याच्या खालच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला बाजूला होण्याइतकाही अवधी मिळत नाही.

चाकांच्या यंत्रांना कोकणातील बागेत आणखी एक अडचण आहे, जी परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. माती आणि पाणी अडवण्यासाठी येथील उतारांवर सलग समतल चर, म्हणजे समान उंचीच्या रेषेवर खणलेले लांबच लांब चर, आणि प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घातलेले असतात. मृदसंधारणासाठी ही रचना उत्तम आहे, पण ऑगस्टमध्ये गवताने पूर्ण झाकलेला चर चाकाला लावलेल्या सापळ्यासारखा काम करतो. त्यात जांभ्याचे सुटे दगड आणि मध्येच डोकावणारा कातळ यांची भर पडते. म्हणून मिनी ट्रॅक्टरला जोडलेले गवतकापणी अवजार बागेतील सपाट सड्यावर किंवा रुंद पायऱ्यांच्या मजग्यांवर उपयोगी आहे, आणि १५ अंशांपलीकडे, किंवा चर असलेल्या कोणत्याही उतारावर, ते विकत घेण्याचा विचारही करू नये.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातील आल्प्सच्या कुरणांवर मात्र यापेक्षा कितीतरी तीव्र उतार चाकांच्या यंत्रांनी कापले जातात. तेथील दुचाकी यंत्राचे इंजिन शक्य तितके खाली बसवलेले असते, चाके दूरदूर असून त्यांना जमिनीत रुतणारे लोखंडी खिळे असतात, आणि पुढे करवतीप्रमाणे डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पाती गवत मुळाशी कापतात. अशी पाती फिरत्या पात्यांप्रमाणे दगड भिरकावत नाहीत, आणि मुठीवरची कळ हातातून सुटताच यंत्र थांबते. याच धर्तीची यंत्रे बनवणारी इटलीतील बीसीएस ही कंपनी १९४३ पासून या क्षेत्रात आहे. तथापि, ती कुरणे पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून साफ ठेवलेली आहेत. कातळाला आपटणाऱ्या दातेरी पात्यांचे कोकणात काय होईल हे वेगळे सांगायला नको. दूरनियंत्रकाने चालणारी, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवरची यंत्रेही आता मिळतात. चालक सुरक्षित अंतरावर उभा राहत असल्यामुळे सुरक्षिततेच्या दृष्टीने ती सर्वांत चांगली आहेत, पण त्यांच्या किमतीचा मेळ एकट्या बागायतदाराच्या उत्पन्नाशी बसत नाही. सहकारी संस्थेने किंवा गटाने घेऊन भाड्याने देणे, हाच त्यांचा व्यवहार्य मार्ग दिसतो.

उरतो तो खांद्याला अडकवायचा ब्रशकटर, ज्याला गावोगावी ग्रासकटरच म्हणतात. उतारावर हे यंत्र कलंडण्याचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो माणसाच्या पायाचा. निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती इंजिन. साध्या चार-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल तळाशी साठलेले असते आणि यंत्र फार कलले की ते एका बाजूला जाऊन आतले भाग कोरडे पडतात. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने ते कोणत्याही कोनात चालते, मात्र मिश्रण बरोबर हवे: ५० भागांस १ असे सांगितले असल्यास लिटरला २० मिलिलिटर आणि २५ भागांस १ असल्यास ४० मिलिलिटर तेल लागते, अंदाजे झाकणभर ओतून भागत नाही. होंडाच्या जीएक्स ३५ सारखी काही छोटी चार-स्ट्रोक इंजिने मुद्दाम सर्व कोनांत चालण्यासाठी बनवलेली आहेत. ती कमी धूर सोडतात आणि त्यांत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही.

दुसरा प्रश्न साइडपॅक की बॅकपॅक हा. साइडपॅकमध्ये इंजिन दांड्याच्या मागच्या टोकाला असून सगळे यंत्र एका पट्ट्याने बाजूला लटकते, तर बॅकपॅकमध्ये इंजिन पाठीवर आणि त्यापासून निघणाऱ्या लवचीक नळीतून पात्याला गती मिळते. विक्रेते डोंगराळ भागासाठी सर्रास बॅकपॅक सुचवतात. बांधाच्या दरडीवर वर हात करून गवत कापायचे असेल तर तो खरोखर सोयीचा आहे, परंतु पाठीवरच्या वजनाने माणसाचा स्वतःचा गुरुत्वमध्य वर आणि मागे सरकतो, आणि घसरून पडल्यास ते ओझे झटकन उतरवता येत नाही. साइडपॅकचा पट्टा एका ओढीसरशी सुटण्याची सोय असते. सलग उताराच्या बागेत साइडपॅक अधिक सुरक्षित ठरतो. रुंद, सायकलच्या हँडलसारख्या मुठी सपाटीवर उत्तम ताबा देतात, पण उभ्या उतारावर त्यांचे डोंगराकडचे टोक गवतात अडकते. तेथे आखूड, कडीसारखी मूठ बरी. हँडलला बसणारे कंपनही माहितीपत्रकात मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात दिलेले असते आणि तो आकडा जितका कमी तितकी बोटे बधिर होण्याची शक्यता कमी.

कोणते पाते कुठे वापरावे हे रानावर ठरते. नुसत्या हिरव्या गवताला तीन दात्यांचे पाते पुरते. करवंद आणि घाणेरीच्या लाकडी बुंध्यांना करवतीसारखे बारीक दात्यांचे गोल पाते लागते. गडग्याच्या कडेला आणि कातळाशेजारी नायलॉनची दोरी वापरावी, कारण दगडावर आपटलेल्या लोखंडी पात्याचा तुकडा उडू शकतो. कोवळ्या कलमाच्या बुंध्याभोवती मात्र यापैकी काहीही नेऊ नये. नायलॉनची दोरीसुद्धा सालीचे कडे सोलून काढते आणि कलम वाळते. तेवढी जागा विळ्याने काढलेली बरी.

बहुतेक ब्रशकटरांचे पाते चालकाच्या बाजूने पाहता डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका देत डाव्या कडेने कापायचे असते. पुढच्या उजव्या कडेचा बुंध्याला किंवा दगडाला स्पर्श झाल्यास पाते जोराने उजवीकडे आणि मागे उसळते. या उलट झटक्यानंतर सपाटीवर तोल सावरता येतो, उतारावर नाही. याच कारणासाठी उतारावर काम आडव्या पट्ट्यांनी, खालून वर करत न्यावे: डोंगर उजव्या हाताला ठेवून एक पट्टा कापावा, कापलेल्या पट्ट्यावरून रिकामे परत यावे आणि त्याच्या वरचा पट्टा धरावा. असे केल्याने कापलेले गवत डावीकडे, म्हणजे खाली, मोकळ्या जागेत पडते आणि चालकाचा पाय नेहमी दिसणाऱ्या जमिनीवर राहतो. फुरशाच्या प्रदेशात हा लाभ लहान नाही. दोन चालकांमध्ये किमान १५ मीटर अंतर ठेवावे आणि एकाच्या सरळ खाली दुसऱ्याने उभे राहू नये, कारण वरून सुटलेला दगड हे अंतर सहज पार करतो.

यंत्राच्या किमतीत बुटांची आणि चष्म्याची किंमत धरलीच पाहिजे. पावसात चपलेने ग्रासकटर चालवणारी माणसे अजूनही दिसतात. खोल खाचांच्या तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट, नडगीचे कवच, कानांवर आवाजरोधक आणि चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा असावा. काचेचा मुखवटा पावसाळी हवेत वाफेने धूसर होतो, जाळीचा होत नाही. पण जाळीतून बारीक कण शिरतात, म्हणून आत साधा संरक्षक चष्मा हवा. ऑक्टोबरनंतरच्या कापणीत इंधन भरताना इंजिन थंड होऊ द्यावे आणि धुराड्यावरील ठिणगीरोधक जाळी काढून टाकू नये, अन्यथा वणवा टाळण्यासाठी हाती घेतलेले कामच वणव्याचे कारण होते.

३५ अंशांच्या पुढे मात्र खांद्यावरचे यंत्रही योग्य नाही. अशा कड्यासारख्या भागात तणनाशक फवारण्याचा सोपा मार्ग अनेक जण पत्करतात. त्यांपैकी ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. कायदा बाजूला ठेवला तरी, जुलैच्या पावसात मुळासकट मेलेले गवत माती धरून ठेवू शकत नाही आणि उघडा पडलेला उतार वाहून जातो. इतरत्रही गवत जमिनीला खरवडून कापू नये, पाच ते आठ सेंटिमीटरचे खुंट राखावेत. अतितीव्र भागात सगळे रान काढण्याचा आग्रह सोडून प्रत्येक झाडाभोवती दोन-तीन मीटरचे वर्तुळ कोयत्याने साफ करावे, आणि बागेच्या सीमेवर, विशेषतः रस्त्याच्या व शेजारच्या माळरानाच्या अंगाला, गवत पूर्ण वाळण्याआधी काही मीटर रुंदीची जाळरेषा काढून घ्यावी. या पट्टीतील कापलेले गवत मात्र तेथेच पडू न देता लगेच गोळा करून बाहेर न्यावे लागते, आणि त्याच्या पेंढ्या गोठ्यात चालतात.