मधली पाने

मुखेडच्या दशरथेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवर नृत्यमुद्रेतल्या मूर्ती आहेत. शिल्पकाराने नृत्यातला एकच क्षण निवडला. आधीचे आणि नंतरचे पाहणाऱ्याच्या मनावर सोडले. अशा शिल्पांना चित्रपटाचे पूर्वज ठरवण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. चलच्चित्र काढणाऱ्याला निवडीची ही सवलत नसते. हात वर जायचा, तर वाटेतले, कुणाच्या लक्षात न राहणारे सगळे हातही काढावे लागतात.

या मधल्या क्षणांचा हिशेब मला नीट उलगडला तो खेळाच्या एका यंत्रावर. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'डीएसआय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी 'फ्लिपनोट स्टुडिओ' हा प्रोग्रॅम डिसेंबर २००८मध्ये जपानात आला, पुढच्या वर्षी इतर देशांत. प्लास्टिकच्या काडीने खालच्या पडद्यावर चित्र काढायचे. एक पान २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे. रंग काळा, पांढरा, तांबडा, निळा एवढेच. पाने जास्तीत जास्त ९९९. वेग आठ प्रकारचे, दोन सेकंदांना एक पान इथपासून सेकंदाला तीस पानांपर्यंत. खरी गंमत मात्र वेगळीच. नवे पान घेतले की मागच्या पानावरचे चित्र त्याखाली फिकट दिसते. वहीच्या पातळ कागदातून दिसावे तसे. आता नवी रेघ त्या फिकट रेघेपासून किती दूर ओढायची, एवढाच प्रश्न उरतो, आणि सगळी कला त्या अंतरात आहे.

मी त्यावर ज्वारीचा कोंब काढला. चोवीस पाने, सेकंदाला बारा. म्हणजे दोन सेकंदांचा खेळ. दर पानाला कोंब सारखाच उंचावला, तर तो लिफ्टसारखा वर सरकतो. आधी अंतर अगदी थोडे, मग वाढते, शेवटी पुन्हा थोडे ठेवले, तर तोच कोंब जोर लावून माती फोडतो असे वाटते. चित्रे तितकीच, काळही तितकाच.

कोंबच काढला, कारण आपल्याकडे या विद्येची सुरुवात कोंबानेच झाली. दादासाहेब फाळके यांनी १९१२मध्ये 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. रोप जसजसे वाढेल तसतसे थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचे. सलग दाखवले की अनेक दिवसांची वाढ क्षणांत होते. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करताना तो कामी आला. तिथे चित्र निसर्ग काढत होता, फाळक्यांच्या हाती होते ते अंतर. १९१५च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये तर काड्याही हातानेच हलवायच्या होत्या. आणि १९१७मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा चित्रपटच केला. आपली विद्या उघडी करून दाखवणारा जादूगार विरळाच!

फ्लिपनोटमध्ये हा उघडेपणा मुळातच होता. दुसऱ्याने केलेले चलच्चित्र, त्याने कुलूप लावले नसेल तर, आपल्या यंत्रावर घेऊन पान-पान उलगडून बघता येई. त्यात भर घालून पुढे देता येई, आणि मूळ कर्त्याचे व शेवटी बदल करणाऱ्याचे नाव त्या फाइलमध्येच राही. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव नोंदवी, त्याच्या जवळचीच ही रीत. उडी चांगली वाटली, तर ती किती पानांत मारली, गुडघा कोणत्या पानावर वाकला, हे मोजता येई. या देवघेवीसाठी चालवलेली 'फ्लिपनोट हातेना' ही सेवा ३१ मे २०१३ रोजी बंद झाली. आज मोबाइलवर त्याहून कितीतरी देखणी चलच्चित्रे दिसतात, पण ती व्हिडिओ होऊन येतात. पाने शिवलेली. थांबवून पाहता येते, पण कर्त्याने कोणती चित्रे काढली आणि कोणती नुसतीच लांबवली, हे कळत नाही.

मुखेडला सुटीत गल्लीतली मुले येतात, तेव्हा मी त्यांना शंभरपानी वही देतो. मागच्या पानाकडून सुरुवात करायची, म्हणजे नवे पान आधीच्या चित्रावर पडते आणि खालची रेघ दिसते. अंगठ्याने पाने सोडली की कोपऱ्यातला चेंडू टप्पा घेतो. एकाचा चेंडू जमिनीला टेकताना चपटा होत होता. दुसऱ्याने वही हिसकावून घेतली आणि ते पान शोधू लागला.