अडते कुठे? : प्रोसेसरचा हिशेब आणि सोलापूरचा माग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा माझ्याकडे एक कागद घेऊन आला. त्याच्या गेम खेळायच्या संगणकासाठी नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड आणि नवी रॅम, अशी तीन ओळींची यादी आणि खाली बेरीज. दाजींनी मागांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात पुरते संपले असते. "मामा, तुम्ही पप्पांना सांगा," एवढेच त्याचे म्हणणे. त्याआधी अक्काकडून दाजींचा निरोप आला होता : "त्याला जरा समजावून सांग." दोघांनीही मला आपल्या बाजूचा वकील नेमले होते. मला यातले किती कळते, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

थोडेफार कळते, आणि तेही ठेच खाऊन. मी इंजिनिअर नाही. सोलापूरच्या मागांविषयी वीसेक वर्षे टिपणे काढतो आहे. ती ठेवायला संगणक घेतला आणि त्याचे पोट उघडून पाहण्याची सवय लागली. काही वर्षांपूर्वी मी माझ्या यंत्रासाठी इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणला. मदरबोर्डावर ज्या खाचेत तो बसतो तिचे नाव तेच होते, एलजीए ११५१. बसलाही नीट. यंत्र काही सुरू झाले नाही. ही खाच २०१५ साली आली. २०१७ च्या आठव्या पिढीसाठी कंपनीने आकार आणि नाव तेच ठेवले, पण आतली विजेची जोडणी बदलली. त्या पिढीला नवा मदरबोर्डच लागत होता. मी खोक्यावरचे नाव वाचले होते, बोर्डाच्या कंपनीने दिलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी वाचली नव्हती. चूक माझीच. तेव्हापासून मी आधी बोर्डाची यादी वाचतो आणि मग दुकानाची पायरी चढतो.

यादीतला प्रोसेसर का निवडलास, असे भाच्याला विचारले. "नवा आहे, आकडा मोठा आहे," तो म्हणाला. या उत्तराला हसण्याचे कारण नाही. तीसेक वर्षे ते उत्तर बरोबरच होते. १९७१ मधल्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियममध्ये ते ३१ लाख झाले आणि वेग ६६ मेगाहर्ट्झपर्यंत गेला. त्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. पुढे ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने घेतली आणि तिच्याच आराखड्यातून १९९७ चा के६ हा इंटेलशी टक्कर देणारा प्रोसेसर आला. ज्या दोन कंपन्यांवरून आज पोरे हमरीतुमरीवर येतात, त्या दोन्हींच्या इतिहासात हा एकच माणूस आहे.

त्या काळात दोन वर्षे थांबून नवा प्रोसेसर घेतला की सगळेच काम वेगाने होई. २००४ साली पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला प्रोसेसर मात्र इंटेलने त्याच वर्षी रद्द केला. कारण उष्णता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण त्यांना लागणारा विजेचा दाब त्या प्रमाणात उतरेना. मग कंपन्यांनी वाट बदलली : एकाच तुकड्यात दोन, चार, सहा गाभे, म्हणजे कोअर, बसवायचे आणि काम वाटून द्यायचे.

वाटून काम करण्याची ही कल्पना आपल्याकडेही फळली होती. पुण्यात सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा केला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. पण ही युक्ती वाटता येणाऱ्या कामालाच लागू पडते. हवामानाच्या गणितात नकाशाचे तुकडे पाडून ते वेगवेगळ्या प्रोसेसरांना देता येतात. गेममध्ये तसे सरसकट जमत नाही. खेळाडूने बंदूक रोखली, मग गोळी सुटली, मग समोरचा पडला, हा क्रम मोडता येत नाही.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब इथे कामाला येतो. समजा, १०० मिनिटांच्या कामातली ४० मिनिटे एकामागून एकच करावी लागतात आणि ६० वाटता येतात. ६ कोअर लावले तर ४० अधिक १०, म्हणजे ५० मिनिटे. १२ कोअर लावले तर ४० अधिक ५, म्हणजे ४५. कोअर दुप्पट झाले, वाचली ५ मिनिटे. म्हणून गेमसाठी प्रोसेसर निवडताना सहा-आठ कोअर झाले की पुढे त्यांची संख्या मोजत बसू नये. एकेक कोअर किती झपाट्याने काम करतो, ते पाहावे.

हे सगळे मी दाजींना त्यांच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात ओरडून सांगत होतो. सोलापुरात बसून संगणकाविषयी बोलायचे तर जेकार्डाचे नाव निघणारच. कार्डातल्या भोकांनी कोणता धागा उचलायचा ते ठरते, आणि त्याच कार्डांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी उचलली, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मला त्या दिवशी उपयोगी पडली ती जेकार्डाखालची साधी गोष्ट. दाजींनी एकदा उत्पादन वाढवायला मोटरची पुली मोठी करून मागाचा वेग वाढवला होता. उभे धागे जास्त तुटू लागले, धोट्यातली कांडी लवकर संपू लागली, माग वरचेवर थांबू लागला. संध्याकाळी चादरी मोजल्या तर तेवढ्याच. त्यांनी पुली पुन्हा जुनी बसवली आणि कांड्या भरायला एक बाई वाढवली. चादरी वाढल्या.

"म्हणजे याचा माग बरा आहे, पण कांड्या कमी पडतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?" दाजींनी विचारले.

"ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही," मी म्हणालो. आम्ही मोजायला बसलो.

भाच्याच्या यंत्रात २०१८ चा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आणि सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा पडदा. गेममधले प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन हातांतून जाते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, काय काय रंगवायचे, हे प्रोसेसर ठरवतो. प्रत्यक्ष रंगवते ग्राफिक्स कार्ड. सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्यात तर जेमतेम ७. दोघांपैकी जो उशीर करील, त्याच्याच वेगाने गेम चालतो.

उशीर कोण करतो ते ओळखण्याची परीक्षा सोपी आणि फुकट आहे. फ्रेमच्या संख्येला गेममध्ये घातलेली मर्यादा आधी काढायची. मग चित्राची बारकाई १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणायची. रंगवायचे काम निम्म्याहून कमी होते. फ्रेम भराभर वाढल्या, तर अडथळा ग्राफिक्स कार्डात होता. आकडा जागचा हलला नाही, तर प्रोसेसरात. भाच्याच्या 'व्हॅलोरंट'मध्ये आकडा हलला नाही. 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये तो चांगलाच वाढला. एकाच यंत्रात दोन गेम आणि दोन उलट उत्तरे. म्हणून 'गेमसाठी चांगला प्रोसेसर कोणता' या प्रश्नाला, कोणता गेम हे कळल्याशिवाय उत्तर नाही.

"पण मामा, प्रोसेसर तर अर्धासुद्धा वापरला जात नाहीये," पडद्यावरचा आकडा दाखवत भाचा म्हणाला. इथे पुष्कळ जण फसतात. तो आकडा सगळ्या कोअरांची सरासरी असतो. एकेका कोअरचा आलेख उघडला तेव्हा एक जण घामाघूम आणि बाकीचे पारावर बसलेले दिसले. मुख्य काम त्या एकावर अडले होते.

त्याच शोधात एक गंमत सापडली. त्याची रॅम ३२०० वेगाची होती, पण चालत होती २१३३ वर. बोर्डाच्या सेटिंगमध्ये एक पर्याय चालू करायचा राहून गेला होता. तो केला. एक पैसा न घालता गेम थोडा सुधारला. खरेदीला निघण्याआधी हे पाहून घ्यावे. आणि रॅमची पट्टी एकच असेल तर दोन कराव्यात, म्हणजे ये-जा करायला दोन वाटा होतात.

आता निवड. भाच्याच्या यादीतला प्रोसेसर एएम५ या नव्या खाचेचा होता. ती २०२२ साली आली, तिला बोर्ड नवा लागतो आणि रॅमही डीडीआर५. त्याच्याकडे असलेली एएम४ ही खाच मात्र दीर्घायुषी निघाली. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२४ च्या रायझन ७ ५७००एक्स३डी पर्यंतचे प्रोसेसर तिच्यात बसतात. इंटेलने २०२०, २०२१ आणि २०२४ मध्ये खाच बदलली. जुना बोर्ड ठेवून पुढे जायचे असेल, तर हा फरक खिशाला जाणवतो.

बोर्डाच्या यादीत दोन उमेदवार उरले. एक, २०२२ चा रायझन ५ ५६००. कोअर सहाच, म्हणजे जुन्याइतकेच. पण वेग जास्तीत जास्त ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ, शिवाय मधल्या दोन पिढ्यांत दर ठोक्याला होणारे काम कंपनीच्या दाव्याप्रमाणे आधी १५ आणि मग १९ टक्क्यांनी वाढलेले. गुणाकार केला तर एकेक कोअर कागदावर दीडपट.

दुसरा उमेदवार ५७००एक्स३डी. त्याचे वैशिष्ट्य कॅश, आणि ती समजावायला पुन्हा मागापाशी जावे लागते. धोट्यातली कांडी विणकराच्या हातची, मागाशेजारची कांड्यांची टोपली एका पावलावर, सुताचे गोदाम गल्लीच्या टोकाला. प्रोसेसरला रॅम म्हणजे ते गोदाम. तिथून माहिती यायला ७०-८० नॅनोसेकंद लागतात; ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात तीनशे ठोके वाया जातात. कॅश म्हणजे शेजारची टोपली. २६०० मध्ये ८ मेगाबाइटच्या दोन वेगळ्या टोपल्या, तीन-तीन कोअरांत वाटलेल्या. ५६०० मध्ये सहा जणांची मिळून ३२ मेगाबाइटची एकच. एक्स३डी मध्ये ती ९६ मेगाबाइटची, त्यासाठी प्रोसेसरवर कॅशचा आणखी एक थर चढवलेला. गेमला पुढे काय लागेल याचा नेम नसल्याने मोठी टोपली त्याला फार मानवते.

मन एक्स३डी कडे ओढत होते. पण त्याची किंमत जास्त, त्याच्यासोबत पंखा मिळत नाही आणि उष्णतेचे माप १०५ वॉट. ५६०० चे ६५ वॉट, जुन्याइतकेच, आणि सोबत पंखा. सोलापुरात ही बाब बारीक नाही. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर आपल्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जातो, आणि ५६०० ची मर्यादा आहे ९० अंश. तिच्या जवळ गेला की तो आपणहून वेग उतरवतो; पैसे देऊन घेतलेला वेग ऐन उन्हाळ्यात हातचा जातो. त्यात कारखाना घराला लागून. जुन्या पंख्याच्या पात्यांवर आणि खालच्या धातूच्या पट्ट्यांत सुताच्या तंतूंची गादी साचली होती. भाच्याला मी अट घातली : दर महिन्याला ब्रशने साफ करायचे.

५६०० घेतला. दहा हजारांच्या आसपास पडला. बसवण्याआधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डाचे बायोस अद्ययावत करावे लागते, कारण २०१८ च्या बोर्डाला २०२२ चा प्रोसेसर ओळखता येत नाही. हे चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. म्हणून शेजारच्यांचा यूपीएस मागून आणला. पंखा काढण्याआधी यंत्र पाच-दहा मिनिटे चालवून गरम केले, मग बंद करून, वायर काढून, पंखा हलकेच पिळत उचलला. सरळ ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो, आणि त्याच्या १,३३१ पिनांपैकी एक वाकली तरी सगळे मुसळ केरात.

'व्हॅलोरंट' आता पडद्याच्या १४४ च्या खाली उतरत नाही, आणि गर्दीच्या प्रसंगी बसणारे झटकेही थांबले. आम्ही ७२० ची परीक्षा पुन्हा घेतली. 'रेड डेड'मध्ये जवळजवळ काहीच बदलले नव्हते. तिथे अडथळा ग्राफिक्स कार्डाचा होता, तो तसाच राहिला. भाच्याला ते आधी सांगितले होते, त्यामुळे तो हिरमुसला नाही.

दाजी दारात उभे राहून पाहत होते. त्यांचे दोन माग उरलेल्या पैशांत दुरुस्त झाले होते. "आता पुढच्या दिवाळीला कार्ड मागणार," ते म्हणाले.

"मागेल," मी म्हणालो. एक अडथळा काढला की त्याच्या मागचा पुढे येतो, हे त्यांना मी काय सांगणार? त्यांनी ते मागावर पाहिलेलेच होते. भाच्याला एवढेच सांगितले, की पुढच्या वर्षी यादी आणशील तेव्हा सोबत मोजमापाचा कागद आण. तो हसला, आणि मागच्या यादीच्या पाठीवरच त्याने आजचे आकडे तारखेसह लिहून ठेवले.