विश्लेषण : सांडपाण्यातील शेवाळावर गाडी धावू शकेल?
शेवाळापासून इंधन बनवण्याचे प्रयत्न गेली चार दशकांहून अधिक काळ सुरू आहेत. मोठ्या तेल कंपनीनेही त्यातून अंग काढून घेतले. मात्र स्पेनमधील एका शहरात सांडपाण्यावर वाढवलेल्या शेवाळातून गाड्यांसाठी वायू मिळवण्यात आला. त्याविषयी...

सांडपाणीच का?
सूक्ष्म शेवाळाला ऊन, कार्बन डायऑक्साइड, नत्र आणि स्फुरद लागते. स्वच्छ पाण्यात खते घालून ते वाढवणे महाग पडते. शहराच्या सांडपाण्यात नत्र-स्फुरद आयतेच असते. तेच नदीत गेले की जलपर्णी फोफावते. शिवाय शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जिवाणू पाण्यातील घाण फस्त करतात. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात पाण्यात हवा सोडण्यावरच विजेचा मोठा भाग खर्च होतो. ती वीज येथे वाचते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकापासून अशा तलावांचा पाया घातला.

मग घोडे कुठे अडले?
नत्राची उपासमार झाली की शेवाळ पेशींत तेल साठवते, पण त्याची वाढ मंदावते. सांडपाण्यात नत्र मुबलक असल्याने वाढ जोमदार होते, तेल मात्र कमी मिळते. त्यात तलावातील एक लिटर पाण्यात शेवाळ एक ग्रॅमपेक्षाही कमी असते. ते गाळून वाळवण्यात बरीच ऊर्जा जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळापासून डिझेल बनवण्यावर संशोधन केले, पण ते खनिज तेलापेक्षा महागच ठरले. एक्सॉनमोबिल २००९ मध्ये या क्षेत्रात उतरली; २०२३ मध्ये तिच्या माघारीचे वृत्त आले.

स्पेनमध्ये काय वेगळे केले?
चिक्लाना शहरात युरोपीय महासंघाच्या मदतीने २०११ मध्ये ‘ऑल-गॅस’ प्रकल्प सुरू झाला. तेथे तेलाचा नाद सोडला गेला. ओले शेवाळ बंद टाकीत कुजवून, गोबरगॅसप्रमाणेच, त्यातून वायू काढण्यात आला. त्यामुळे शेवाळ वाळवावे लागत नाही आणि त्यात तेल किती, हा प्रश्नही उरत नाही. हा वायू शुद्ध केला की उरलेल्या मिथेनवर गाड्या धावतात.

भारतात हे शक्य आहे?
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवर. म्हणजे कच्च्या मालाची वानवा नाही. अडचण जागेची आहे. ऊन तळापर्यंत पोहोचावे म्हणून हे तलाव जेमतेम फूटभर खोल ठेवतात. त्यामुळे ते पसरट होतात आणि एकरच्या एकर जमीन व्यापतात. मुंबईसारख्या शहरात ती मिळणे कठीण. मोकळी जमीन असलेल्या छोट्या शहरांना ते जमू शकते. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे वाढही मंदावते.

त्यामुळे असा प्रकल्प केवळ इंधनाच्या हिशेबावर तोलला तर तोट्याचाच दिसेल. पाणी स्वच्छ करणे हे मुख्य काम आणि वायू हे जोडउत्पन्न मानले, तरच गणित जुळण्याची आशा आहे.